मकरपुऱ्यातले गिअरबॉक्सवाले मिस्त्री, काकांची इम्पाला आणि लॉकअप कन्व्हर्टर

आधीच सांगून ठेवतो, हे लांबलंय. गेलं वर्षभर माझ्याकडे बोलायला दुसरा विषय नाहीये आणि घरचे आता ऐकून घेत नाहीत.

गाडी आहे १९६६ ची शेव्हरोले इम्पाला, २८३ क्युबिक इंचाचं व्ही८ इंजिन म्हणजे आपल्या हिशोबात ४.६ लिटर, आणि त्याला पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक, दोन गिअरची. हो, दोनच. काकांनी एसटीसीकडून (सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन) घेतलेली, तेव्हा दिल्लीतल्या वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या एसटीसी विकायची ना त्यातली, डाव्या हाताच्या स्टिअरिंगची. बडोद्यात दांडिया बाजारात आमच्या घरासमोर उभी केली की अर्धा रस्ता संपतो आणि उरलेल्या अर्ध्यात लोक फोटो काढायला थांबतात. काका गेल्यावर गाडी माझ्याकडे आली पण मी तिला फक्त दसऱ्याला हार घालायचो आणि सयाजीबागेला एक चक्कर. मग २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसला २१ गन सॅल्यूटचा तो जुन्या गाड्यांचा मोठा सोहळा झाला, तिथे दोन दिवस फिरलो आणि डोक्यात किडा शिरला की आपली गाडी पण नीट रस्त्यावर चालली पाहिजे, अहमदाबादला जाऊन यायला पाहिजे.

गेलो की एकदा. बडोदा अहमदाबाद एक्सप्रेसवे म्हणजे ९३ किलोमीटर सरळसोट सपाट रस्ता, गाडी टेस्ट करायला यापेक्षा चांगली जागा नाही. ९० च्या स्पीडला इंजिन २५०० आरपीएमवर, आत बसून ओरडून बोलावं लागत होतं, आणि आणंदच्या आसपास खालून तो वास यायला लागला, जळक्या तेलाचा, ज्याने एकदा घेतलाय त्याला सांगायला नको. डिपस्टिक काढून पाहिली तर लाल तेल चहाच्या रंगाचं.

घरी येऊन वाचत बसलो आणि मला वाटलं उत्तर सापडलं, लॉकअप टॉर्क कन्व्हर्टर. कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला तेलाने जोर पोचवणारा डबा, आणि लॉकअपवाला स्पीड धरल्यावर त्यातलं घसरणं बंद करतो. नवा कन्व्हर्टर मागवायचा, जुना काढायचा, हा बसवायचा, झालं. चुलतभाऊ न्यू जर्सीला असतो (बडोद्याच्या कुठल्या घरातला एकजण तिकडे नसतो म्हणा), त्याला फोन केला, तो तयार. नशीब पैसे पाठवायच्या आधी कुणीतरी सांगितलं की मकरपुरा जीआयडीसीत (आपली एमआयडीसी तशी गुजरातची औद्योगिक वसाहत) एक मिस्त्री आहेत, फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्स करतात, एकदा त्यांना विचार. रिव्ह्यू त्यांच्या वर्कशॉपचा आहे. नाव लिहीत नाही, त्यांनाच नकोय, म्हणाले आहेत तेवढ्या गाड्यांना जागा नाही.

पत्र्याची शेड, दोन खड्डे, एक लेथ, भिंतीवर अंबामातेचा फोटो आणि त्याच्याखाली नंबर टाकून ठेवलेले डबे. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आ नही थाय, भाऊ." म्हणजे हे होणार नाही. मग माझा चेहरा बघून मराठीत आले, रावपुऱ्यात वाढलेत, आपल्यासारखंच बोलतात.

त्यांच्याकडे एक मेलेला लॉकअप कन्व्हर्टर आहे, लेथवर वेल्डिंगच्या शिवणीवरून कापून ठेवलेला, लाडवाचा डबा उघडावा तसा उघडतात. सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवतात बहुतेक, कारण कडा हात लागून लागून चकचकीत झाल्यात. हा पंप, इंजिनाबरोबर फिरतो. ही टर्बाइन, गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसते. मधे हा स्टेटर. पंप आणि टर्बाइन यांना जोडणारं लोखंड काहीच नाही, फक्त तेल. उभ्या गाडीत पाय दिला की स्टेटर परतणारं तेल वळवून पंपाला मदत करतो आणि इंजिनाचा जोर जवळपास दुप्पट होऊन पुढे जातो, म्हणून क्लच नसलेली दीड-पावणेदोन टनाची गाडी लोण्यासारखी उचलते. पण एकदा स्पीड धरला की ती मदत संपते आणि टर्बाइन पंपाच्या थोडी मागे मागेच राहते, शंभर फेऱ्यांना पाच-सात. मिस्त्रींच्या शब्दात सांगायचं तर ते पाच-सात म्हणजे ताक घुसळणं, फक्त लोणी निघत नाही, तेल तापतं.

लॉकअपवाल्यात आत एक चकती जास्तीची असते, ताटाएवढी, कडेने ब्रेक लायनरसारखं अस्तर, आणि ती टर्बाइनला जोडलेली. मागच्या बाजूने तेलाचा दाब आला की ती पुढच्या झाकणाला चिकटते आणि इंजिन आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एकत्र फिरतात, घसरणं शून्य. तेल पुढच्या बाजूने आलं की चकती सुटते, परत साधा कन्व्हर्टर.

मी म्हटलं मग हाच लावा ना माझ्या पॉवरग्लाइडला.

"लावतो. पण तेल पुढून पाठवायचं की मागून, हे ठरवणार कोण?"

तिथेच माझी ट्यूब पेटली. कन्व्हर्टर बिचारा काही ठरवत नाही, ठरवतो तो गिअरबॉक्स. चकतीच्या पुढच्या बाजूला तेल न्यायला शाफ्टमधून वेगळी वाट लागते, ती वाट उलटी करणारा व्हॉल्व्ह लागतो, आणि त्या व्हॉल्व्हला कधी उलटायचं हे सांगणारं काहीतरी लागतं. १९५० ते १९७३ निघालेल्या पॉवरग्लाइडमध्ये यातलं एकही नाही. त्यात स्प्लाइनही, म्हणजे शाफ्टवरच्या खाचाही, जुळत नाहीत. म्हणजे मी ज्याला स्पेअर पार्ट समजत होतो तो अर्धा पार्ट होता, दुसरा अर्धा गिअरबॉक्सच्या पोटात जन्मापासून असावा लागतो.

गंमत म्हणजे ही कल्पना नवी अजिबात नाही. पॅकार्डने १९४९ च्या अल्ट्रामॅटिकमध्ये अशी थेट जोडणारी क्लच दिली होती. मग स्वस्त पेट्रोलच्या जमान्यात कोणाला गरज वाटली नाही, आणि तेलाचे भाव भडकल्यावर क्रायस्लरने १९७८ मध्ये परत आणली, पाठोपाठ बाकीचे. मधल्या काळातल्या अमेरिकन गाड्या, म्हणजे आपल्याकडे जुन्या संस्थानिकांच्या आणि शेटजींच्या गॅरेजात ज्या आहेत त्यातल्या बहुतेक, विनालॉकअपच्या.

उपाय त्यांनीच सांगितला. जीएमचाच, म्हणजे शेव्हरोलेच्या मालक जनरल मोटर्सचा, १९८२ पासूनचा ७००-आर४ गिअरबॉक्स आणायचा, चार गिअरचा, शेव्हरोलेच्या इंजिनाला सरळ बसतो. पहिला ३.०६, दुसरा १.६३, तिसरा सरळ, चौथा ०.७० म्हणजे ओव्हरड्राइव्ह (बाहेरच्या शाफ्टपेक्षा इंजिन हळू फिरतं), आणि लॉकअप जन्मजात. आणि कंप्युटर नसलेल्या गाडीत लॉकअप चालवायचं वायरिंग किट वेगळं मिळतं ते पण मागवायचं. भावाला ऑर्डर बदलून दिली. ज्या कंपनीचा हा गिअरबॉक्स तिचा कारखाना आमच्या घरापासून चाळीसेक किलोमीटरवर हालोलला होता, ऑपेल अ‍ॅस्ट्रा तिथेच बनायची, २०१७ ला बंद पडला, आणि माझा डबा येतोय न्यू जर्सीहून बोटीने. सत्तर किलोचं धूड. ड्यूटीचा आकडा लिहीत नाही, बायको वाचते.

आता माझा मूर्खपणा. मिस्त्रींनी दोन महिन्यांनंतरचा नंबर दिला आणि शहरातल्या दुसऱ्या एका गॅरेजने सांगितलं चार दिवसात देतो. मी चार दिवसवाल्याकडे गेलो. चार दिवसात दिली खरी. बाराव्या किलोमीटरला गाडीने तिसरा सोडला, इंजिन नुसतं गुरगुरतंय आणि गाडी तिथल्या तिथे. ट्रकवर घालून मकरपुऱ्याला आणली. मिस्त्री एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

डबा उघडल्यावर जे निघालं ते नीट लिहितो, कारण कोणी जुन्या गाडीत हा गिअरबॉक्स टाकायचा विचार करत असेल तर हेच कामाचं आहे, बाकी माझं पुराण.

एक, टीव्ही केबल, म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्हची. कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सला एक केबल जाते, तिला सगळे किकडाउन केबल (जोरात पाय दिला की खालचा गिअर पाडणारी) समजतात आणि ढिली ठेवतात, चालतंय की म्हणून. ती किकडाउनची नाहीच, म्हणजे तेवढीच नाही. तुम्ही पाय किती दिलाय ते ती केबल गिअरबॉक्सला कळवते आणि त्यावर आतल्या तेलाचा दाब ठरतो. केबल ढिली म्हणजे दाब कमी, दाब कमी म्हणजे तिसऱ्या-चौथ्याच्या क्लच प्लेटा पकडायच्या ऐवजी घासत राहतात, आणि त्या जळायला महिने लागत नाहीत, माझ्या बारा किलोमीटरमध्ये गेल्या. मिस्त्रींनी त्यातली एक प्लेट माझ्या हातात दिली, अस्तर नखाने खरवडलं तर पापडाच्या जळक्या कडेसारखं सुटलं. त्यांनी केबल लावली ती पुस्तकातल्यासारखी, पाय पूर्ण दाबला की केबल बरोबर शेवटापर्यंत ओढली गेली पाहिजे, आणि जुन्या कार्ब्युरेटरच्या दांडीवर तो कोन जुळत नाही म्हणून एक छोटी पट्टी स्वतः कापून घासून बनवली. दाबाचं मीटर लावून बघितल्याशिवाय गाडी शेडच्या बाहेर काढली नाही.

दोन, बोल्ट. जुन्या कन्व्हर्टरचे बोल्ट तीन अष्टमांश इंचाचे, नव्याचे १० एमएम. आधीच्या गॅरेजवाल्याने जुनेच फिरवले होते, ते आत जातात, हाताला घट्टही लागतात, पण आटे एकमेकांचे नाहीत. फ्लेक्सप्लेटची (इंजिनाच्या मागची पातळ चकती, जिला कन्व्हर्टर बोल्टने जोडतात) भोकं किंचित मोठी करून बरोबरचे बोल्ट टाकले.

तीन, आणि याने मी गार पडलो, शाफ्टच्या टोकाला एक ओ-रिंग असते, करंगळीत जेमतेम जाईल एवढी. चकतीच्या पुढचं आणि मागचं तेल वेगळं ठेवायचं काम तिचं. ती बसवताना कापली गेली होती. म्हणजे केबल नीट असती, बोल्ट नीट असते, तरी लॉकअप कधी धड पकडलंच नसतं, अर्धवट घासत राहून चकती जळली असती आणि मी वायरिंगला दोष देत बसलो असतो.

कन्व्हर्टर बसवताना मला मुद्दाम बोलावून घेतलं. शाफ्टवर ठेवून हाताने फिरवत आत ढकलायचा, आणि टक्, टक्, टक्, तीनदा आत गेला पाहिजे, एकदा शाफ्टच्या स्प्लाइनवर, एकदा स्टेटरच्या आणि शेवटी पंपाच्या खाचेत. दोन टक् वर खूश होऊन ज्याने बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडणारं तोंड) बोल्ट आवळले त्याने पंप फोडला. सगळं आवळल्यावर सुद्धा कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेटमध्ये तीन-चार एमएमची फट उरली पाहिजे, मग कन्व्हर्टर पुढे ओढून बोल्ट लावायचे. तिसरा टक् मी माझ्या हाताने केला, ते कौतुक अजून आहे.

बाकी कामं पटापट. गिअरबॉक्स लांब आहे म्हणून क्रॉसमेंबर (त्याला खालून धरणारा आडवा दांडा) मागे सरकवला, प्रोपेलर शाफ्ट तीनेक इंच कापून बॅलन्स केला (शेजारच्याच शेडमध्ये, जीआयडीसीचा हा फायदा), टोकाचं योक (शाफ्ट गिअरबॉक्समध्ये बसतो तो तुकडा) जुनंच चाललं, दोन्हीकडे २७ स्प्लाइन. रेडिएटरच्या पुढे वेगळा ऑइल कूलर, आपल्याकडे मे महिन्यात ४३ डिग्री असतं तिथे तो लागतोच. स्टिअरिंगवरचा काटा मात्र आता थापा मारतो, त्यावर जुनी पॉवरग्लाइडची अक्षरं आहेत आणि खाली खण जास्त, त्यामुळे तो डी दाखवतो तेव्हा गाडी ओव्हरड्राइव्हमध्ये असते. नवी पट्टी मिळते पण मी बदलणार नाही, काकांच्या हाताची गाडी आहे.

लॉकअपचं वायरिंग असं आहे. गिअरबॉक्सच्या कुशीत चार पिनचं सॉकेट, आत सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह. त्याला १२ व्होल्ट मिळाले की तेलाची वाट उलटते आणि चकती चिकटते. पण ते १२ व्होल्ट तीन दारांतून जातात. ब्रेकचा स्विच, पाय ठेवला की तोडतो, नाहीतर करकचून थांबल्यावर क्लच न दाबता थांबलेल्या गाडीसारखं इंजिन बंद पडेल. व्हॅक्युमचा स्विच, जोरात पाय दिला की तोडतो, कारण ओव्हरटेकला तुम्हाला कन्व्हर्टरचा जोर हवा असतो. आणि चौथ्या गिअरचा प्रेशर स्विच, तो गिअरबॉक्सच्या आत. यावर मी डॅशबोर्डच्या खाली एक साधा टॉगल आणि हिरवा दिवा लावून घेतलाय, शहरात बंदच ठेवतो. बायको विचारते हे गिझरचं बटण इथे कशाला.

चालवून काय वाटतं? न्यायमंदिर ते मांडवी या पट्ट्यात लॉकअपचा काडीचा उपयोग नाही, तिथे कामाला येतो तो ३.०६ चा पहिला गिअर, काळाघोड्याच्या सिग्नलवर ही आजीबाई आता स्विफ्टवाल्यांना मागे टाकते आणि मागे वळून बघत नाही. एक्सप्रेसवेवर मात्र गंमत आहे. ९० ला ओव्हरड्राइव्हमध्ये साधारण १८०० आरपीएम, टॉगल वर केला की अर्ध्या सेकंदात हिरवा दिवा आणि काटा १६५० वर येऊन चिकटतो, जणू पाचवा गिअर पडला. आणि त्यानंतर पाय थोडा वरखाली केला तरी काटा गाडीबरोबरच हलतो, ते तेलकट ढिलेपण नाही, मॅन्युअल गाडीसारखं. घाई करून ६० ला टाकलं तर मात्र इंजिन अकराशेच्या आसपास येऊन घरघरतं, सीटखाली खडखड जाणवते, तेव्हा ७५-८० च्या खाली मी हात लावत नाही.

तेलाच्या तापाचा हिशोब चुकून मिळाला. मिस्त्रींच्या माणसाने व्हॅक्युम स्विचची वायर एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डला टेकवून नेली होती, एका ट्रिपला अहमदाबादला जाताना ती वितळून तुटली आणि दिवा गेला. कूलरच्या पाइपवर मी मीटर लावलेलंच होतं, ९० च्या स्पीडला काटा १०४ वर. नडियादला थांबून टेप गुंडाळून वायर जोडली, तोच रस्ता, तीच दुपार, तोच स्पीड, वीस मिनिटात ८६. काटा खाली उतरताना बघत होतो आणि मनात म्हटलं ड्यूटी वसूल.

मायलेजबद्दल खरं सांगतो. आधी साडेपाच द्यायची, आता हायवेला सात होतात. पण यातला मोठा वाटा ओव्हरड्राइव्हचा, लॉकअपचा लहान. मुळात घसरणंच पाच-सात टक्के असतं तर वाचून वाचून वाचणार किती. नुसता लॉकअप कन्व्हर्टर लावला आणि मायलेज दीडपट झालं असं कोणी सांगत असेल तर तो माल विकायला बसलाय. लॉकअपने वाचतं ते तेल, आणि त्या तेलावर गिअरबॉक्सचं आयुष्य.

आता मिस्त्रींच्या तक्रारी, त्या पण आहेत. वायरिंग हे त्यांचं काम नाही हे त्यांनी मान्य करावं, वितळलेली वायर सोडा, दोन जोड नुसते पीळ देऊन टेप मारलेले होते, मी शेवटी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून सगळं नवीन ओढून घेतलं. फोन उचलत नाहीत. तीन आठवडे सांगितले होते त्याचे सात झाले कारण मधे नवरात्र आली, आणि बडोद्यात नवरात्रीत कोण काम करतं, त्यांचा पोरगा रात्री तीनपर्यंत गरबा खेळून दुपारी बाराला जांभया देत यायचा आणि माझी गाडी पोट उघडं टाकून तशीच. मी एकदा चिडून बोललो तर त्यांनी समोर फाफडा ठेवला. मजुरी ३८,००० घेतली, क्लच प्लेटा आणि सील वेगळे, आणि जे काढलं ते सगळं पिशवीत घालून परत दिलं, ती कापलेली ओ-रिंग सुद्धा. ती मी गाडीच्या चावीत अडकवलीये.

कोणाची जुनी मर्सिडीज असेल, ती १२३ किंवा १२४ बॉडीची, त्यांच्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकलाही लॉकअप नाहीये, तेव्हा कन्व्हर्टर शोधत बसू नका, तिथेही उत्तर तेच, आ नही थाय. पण मिस्त्रींना एकदा दाखवा, ऑइल आणि कूलरवरच बरंच काम होतं असं ते म्हणतात.

गाडी आता ३,२०० किलोमीटर चाललीये. परवा सकाळी घराखाली फरशीवर रुपयाएवढा लाल डाग दिसला, बहुतेक पॅनचं गॅस्केट. फोन सहा वेळा लावला, उचलला नाही. शनिवारी सरळ जाऊनच उभा राहतो.